दोन बहिणींचा एक चेहरा

बाय,

घरापुढच्या खळ्यात माणसं बसली आहेत आणि तुझ्याबद्दल चांगलं बोलतायत. ‘भोळी होती बिचारी,’ असं निदान चार जणींनी म्हटलं. मी माजघराच्या दारात बसून ऐकत होते. आधी हसू आलं, मग रडू. तू आणि भोळी? मिठाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचं मीठ ओलं नाही ना, हे बघितल्याशिवाय तू पोतं घेतलं नाहीस. लेकासाठी, दिनूसाठी मुलगी बघायला गेलीस तेव्हा पुढच्या दारी जाण्याआधी त्यांच्या मागच्या विहिरीवर जाऊन शेजारणीशी बोलून आलीस. देवळातला गूळसुद्धा तू हुंगून तोंडात टाकायचीस. मी एकदा हसले तर म्हणालीस, “देव बरो आसा गो. वाण्याचा काय सांगूचा?”

परवा तुझं बारावं. लोक जे बोलायचं ते बोलतील. मला तुझ्याशी त्या फोटोंबद्दल बोलायचं आहे. तीन वर्षं आपण त्याच्या कडेकडेने चाललो, मध्ये कोणी पाय टाकला नाही. तू टाकायला बघितलास एकदा. मी टाकू दिला नाही.

तुला आठवत असेल. जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि मुंबईहून कोण ना कोण काहीतरी मोजायला यायचं. कोणी विहिरी मोजल्या, कोणी माड मोजले, कोणी पोरांची वजनं केली. चेहरे मोजायला आलेली डॉक्टर दिघे ही पहिलीच. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात कातडीची डॉक्टर. तिला किनाऱ्यावरच्या बायकांशी बोलायला मालवणी येणारी शिकलेली बाई हवी होती. सावंतवाडीला आमच्या शाळेत तिने विचारलं आणि मोठ्या बाईंनी माझं नाव पुढे केलं. मी मराठी आणि इतिहास शिकवणारी. पण ‘आमच्या शालिनीबाई सगळं सांभाळतील,’ असं बाई म्हणाल्या आणि मलाही ते खरं वाटलं.

बोलता बोलता मी सांगितलं की माझी थोरली बहीण तळाशीलला असते, मासळी सुकवते, पाटी घेऊन मसुऱ्याच्या बाजाराला जाते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“सख्खी? वयात किती अंतर?”

“तीन वर्षं.”

“चेहरा सारखा आहे?”

“लहानपणी लोक आम्हाला जुळ्या समजायचे.”

“म्हणजे एकीचं आयुष्य उन्हात गेलं आणि एकीचं सावलीत,” ती म्हणाली. तिला झालेला आनंद मला तेव्हा थोडा खटकला होता. तुझ्या आणि माझ्या आयुष्यात जे झालं ते तिच्या कामाचं निघालं होतं. चौथीनंतर तू शाळा सोडलीस कारण एकीलाच शिकवणं जमण्यासारखं होतं. बाबांनी कोणाला ते ठरवलं नव्हतं. तू ठरवलंस. ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

बालवाडीच्या खोलीत खिडक्यांना काळं कापड लावून त्यांनी कॅमेरा मांडला. त्याच्या दिव्याचा उजेड निळसर, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. डॉक्टर समजावत होती आणि मी बायकांना मालवणीत सांगत होते: ह्या उजेडात काढलेल्या फोटोत कातडीच्या आतले डाग दिसतात, जे अजून वर आलेले नाहीत. दुसरं मशीन होतं ते आवाजाचं. गालावर गार चीक लावायचा, त्यावर एक दांडी टेकवायची, की आवाज आत जाऊन परत येतो आणि लहान पडद्यावर कातडीच्या थरांचं चित्र उमटतं. ना सुई, ना कापाकापी, ना रक्त. इतक्या वर्षांचं ऊन कातडीत कुठवर गेलं आहे ते बघायचं.

बायका दारातच थांबल्या. कोणी म्हणालं, फोटो परदेशात जातात. कोणी म्हणालं, चीक लावला की तोंडावर पांढरे डाग उठतात. तू मात्र आत आलीस, खोलीभर फिरलीस, काळं कापड उचलून मागे काय आहे ते बघितलंस आणि सरळ डॉक्टरांसमोर उभी राहिलीस.

“रोग नाय, औषद नाय, सुई नाय. मगे फोटो कित्याक? फुकटचा कोण काय करता?”

मी ते जरा मऊ करून मराठीत सांगितलं. डॉक्टर म्हणाली, अभ्यासासाठी. उन्हाने चेहरा कसा म्हातारा होतो ते कळलं तर पुढे लोकांना उपयोग होईल.

“तुमचो फोटो खंय आसा?” तू विचारलंस. “आदी तुमी बसा, मगे मी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डॉक्टर खरंच स्टुलावर जाऊन बसली, हनुवटी त्या लाकडी आधारावर ठेवली आणि तिच्या मदतनिसाने तिचा फोटो काढला. मग तू बसलीस. तुझ्यामागोमाग सगळ्या आल्या. त्या गावात डॉक्टरांचं काम झालं ते तुझ्यामुळे.

मशीनच्या पेटीवर इंग्रजीत एक नाव होतं. तू त्यावर बोट ठेवून मला विचारलंस, “ह्या काय लिवलाहा?”

“मशीन करणाऱ्याचं नाव असेल.”

“नाय. ही अक्षरां मी बगलंय. जत्रेत. त्या तोंडाक लावूच्या क्रीमच्या डब्यार.”

तुला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षरांचा आकार तू विसरत नव्हतीस. आंगणेवाडीच्या जत्रेत बांगड्यांच्या दुकानांशेजारी ते डबे रचलेले असतात, मीही बघितले होते. तू बरोबर होतीस. ते मशीन त्या कंपनीनेच इस्पितळाला दिलेलं होतं. मी म्हणाले, “बाय, तुका सगळीकडे चोरच दिसतत.” बाजूच्या दोघी हसल्या आणि तू गप्प बसलीस.

मग तो कागद आला. दोन पानांचा, इंग्रजीत टाइप केलेला. ज्यांचे फोटो काढले त्यांनी सही करायची आणि वाचून दाखवणाऱ्याने साक्षीदार म्हणून सही करायची. खोलीत वीसेक बायका होत्या. डॉक्टर माझ्या शेजारी खुर्चीवर बसली होती. आणि तू शेजारच्या पार्वतीला सांगत होतीस, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “माझी भयण इंग्रजी वाचता. तेका विचारा.”

पहिलं पान मला कळलं. साधं होतं: नाव, वय, काम, फोटो अभ्यासासाठी. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत लांबच लांब वाक्यं होती. कायद्याची भाषा. एका वाक्यात पाच-सहा ओळी. मी बोट फिरवत गेले. शब्द ओळखीचे होते, पण वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हरवायची. मी परत वर जायचे, परत हरवायचे. डॉक्टरांना विचारायला पाहिजे होतं. ‘हे मला कळत नाही,’ एवढंच म्हणायचं होतं. तुझा आवाज कानात होता. मी बोट शेवटच्या ओळीपर्यंत नेलं आणि मान डोलावली.

“काय लिवलाहा?”

“काय नाय. फोटो अभ्यासाक. नाव खंय छापूचे नाय.”

“वाचलंस मा सगळा?”

“वाचलंय.”

तू सही केलीस. आनंदी, आणि पुढे नवऱ्याचं नाव, आणि आडनाव. एकेक अक्षर सुटं, चौथीत शिकलेलं तसंच. खाली मी सही केली. दोन्ही पानांवर.

दोन दिवसांनी डॉक्टर फोटो घेऊन आली. मालवणच्या एका स्टुडिओत धुऊन घेतलेले, काळे-पांढरे. तुझा फोटो बघून मी दचकले होते. तुझ्या गालांवर, नाकावर काळ्या ठिपक्यांची दाटी होती, नाचणीच्या भाकरीवर उठतात तशी. पण कपाळाचा वरचा भाग साफ. डॉक्टर हरखून सांगत होती, “पाटीची सावली! तीस वर्षं डोक्यावर पाटी, तिने कपाळ राखलं.” माझा चेहरा जवळजवळ कोरा होता, फक्त उजव्या गालावर एक काळपट पट्टा. वर्गात माझं टेबल खिडकीशी, उजवीकडून ऊन. तू तो पट्टा बघून टाळी वाजवलीस. “बग गो, तुकाय गावला ऊन!”

मग तिने तुला पडद्यावरची चित्रं दाखवली. तुझ्या गालाच्या कातडीत, वरच्या पांढऱ्या थराखाली, एक काळी पट्टी दिसत होती. उन्हाने आतलं विणकाम सैल झालं की अशी दिसते, म्हणाली. आणि मग तुझ्या हाताची आतली बाजू, कोपराखाली, जिथे ऊन जात नाही. तिथे काळी पट्टी अगदी नावाला.

“ही कातडी माजीच मा?” तू विचारलंस.

“तुमचीच. ही नुसती वयाची. गालावरची वयाची आणि उन्हाची.”

त्या संध्याकाळी तू ओसरीवर बसून कितीतरी वेळ हाताची आतली बाजू बघत होतीस. अंगठ्याने दाबून, ओढून. मी विचारलं, काय बघतेस. “काय नाय,” म्हणालीस. “मी इतका म्हातारा जावक नाय तर.” आणि हसलीस. त्या हसण्यासाठी मी डॉक्टरांचे मनातल्या मनात आभार मानले होते. अजूनही मानते.

पुढच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सावंतवाडीत तळ्याच्या बाजूच्या औषधाच्या दुकानात मी खोकल्याचं औषध घ्यायला गेले. काउंटरवर क्रीमच्या जाहिरातीची पत्रकं ठेवली होती. वर एका बाईचा चेहरा, मधून उभी रेघ. डावीकडचा अर्धा काळवंडलेला, सुरकुतलेला. उजवीकडचा अर्धा गोरा, साफ. डोळ्यांवर काळी पट्टी. खाली लिहिलं होतं: क्रीमआधी, क्रीमनंतर.

डाव्या अर्ध्या चेहऱ्याच्या हनुवटीवर विळीवर पडल्याचा व्रण होता. तू सहा वर्षांची असताना पडलेला. उजवा अर्धा माझा होता.

बाय, मी त्या दुकानात किती वेळ उभी होते ठाऊक नाही. त्यांनी आपल्या दोघींना जोडून एक बाई केली होती. नाक इतकं बेमालूम जुळलं होतं की आईनेसुद्धा ओळखलं नसतं कुठे जोड आहे. तुझं तीस वर्षांचं ऊन म्हणजे क्रीम न लावल्याचा परिणाम, आणि माझी वर्गातली सावली म्हणजे क्रीमची करामत. मी काउंटरवरची सगळी पत्रकं उचलून पर्समध्ये कोंबली. दुकानदार बघत राहिला. मग घरी येऊन न्हाणीच्या चुलीत घातली. तुला सांगायचं नाही असं ठरवलं. तळाशीलला कुठे अशी पत्रकं जातात, असं वाटलं मला.

पण पत्रकं मसुऱ्याच्या बाजारात पोचली. पंधरा दिवसांनी तू माझ्या दारात उभी राहिलीस. दरवेळी तुझ्या हातात काहीतरी असायचं, सुका बांगडा, बारीक सुकट गोलमो, नारळ. त्या दिवशी हातात फक्त ते घडी घातलेलं पत्रक. बसलीससुद्धा नाहीस.

“ह्या मी. आणि ह्या तू.”

मी मान खाली घातली.

“बाजारात आपल्या दोगींक ओळखणारा एक गिराईक म्हणाला, ‘गो बायो, तूय क्रीम लाव, भयणीसारख्या दिसशीत.’ सगळे हसले.” तू पत्रक माझ्यापुढे धरलंस. “कागदात ह्या लिवलला होता?”

त्या क्षणी खरं बोलायचं दार माझ्यासाठी उघडं होतं. ‘मला दुसरं पान कळलं नाही,’ म्हणायला किती शब्द लागतात? पाच. मी म्हणाले, “नाय. मी वाचलंय तेच्यात ह्या नाय होता. दुसरा पान तिना मागसून बदलल्यान असतला. तिना फसवल्यान आमका.”

तू माझ्याकडे बघितलंस. पोत्यातल्या मिठाकडे बघायचीस तसं. मग तांब्याभर पाणी प्यालीस आणि तीनच्या गाडीने परत गेलीस.

मी डॉक्टरांना पत्र लिहिलं, रागाचं. तिचं उत्तर आलं. त्यात तिने लिहिलं होतं की तिला स्वतःला हे आवडलेलं नाही, चित्रं कंपनीला विभागप्रमुखांनी दिली, तिने भांडून पत्रकं मागे घ्यायला लावली आहेत. पण मदत करणाऱ्या कंपनीला चित्रं वापरता येतील असं दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं आणि ते पान पहिल्या दिवसापासून तेच होतं. सोबत कागदाची प्रत होती. दुसऱ्या पानाच्या तळाशी तुझी सही, त्याखाली माझी. तीही चुलीत गेली.

ती खरं बोलत होती की नुसती हात झटकत होती, ह्याचा मी खूप विचार केला. आपल्या साहेबाला न सांगता ती काही करू शकत होती का? की तिलाही आधीपासून ठाऊक होतं? पेटीवरचं नाव आम्हाला दिसलं तसं तिला रोज दिसत नव्हतं का? मला अजून नक्की सांगता येत नाही. पण एक सांगते, तिच्यावर संशय घेणं मला सोयीचं होतं. जितका तो तिच्यावर, तितका माझ्यावर कमी.

गावाने माझं ऐकलं. डॉक्टरणीने पान मागाहून बदललं, हे मी पार्वतीला सांगितलं, दिनू मुंबईहून आला तेव्हा त्याला सांगितलं. दुसऱ्या वर्षी थंडीत डॉक्टर पुन्हा आली तेव्हा एकही बाई बालवाडीत गेली नाही. तुझ्या दारात ती आली आणि तू दार लावून घेतलंस, असं मला पार्वतीने सांगितलं. मला बरं वाटलं. तुझा माझ्यावर विश्वास आहे असा मी त्याचा अर्थ लावला.

पण मग तू मला कागद दाखवायचं सोडलंस. रेशनकार्डाचं काही आलं, दिनूच्या गोदीतून पत्र आलं, की तू ते पोस्टमास्तरांकडे घेऊन जायचीस. ‘माझी भयण इंग्रजी वाचता,’ हे वाक्य पुन्हा तुझ्या तोंडून ऐकलं नाही. मी सुट्टीत आले की तू नेहमीसारखं सगळं करायचीस, तिसळ्या-शिंपल्यांचं सुकं, भाकरी, गादीवर धुतलेली चादर. फक्त मध्येच माझ्याकडे बघत राहायचीस. मला वाटलं, तुला कळलं. माझ्या इंग्रजीचं पितळ तुला दिसलं आणि तू ते झाकून ठेवते आहेस. त्यामुळे मी आणखीच अंग चोरून घेतलं.

यंदा आषाढात मला विषमज्वर झाला. शाळेतून निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी तू हजर. छत्री उलटी झालेली, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. तीन आठवडे राहिलीस. मासळीचा धंदा बंद ठेवून, दुसऱ्याच्या घरात, जिथे तुला समुद्राचा आवाज नाही म्हणून झोप लागत नव्हती. कपाळावर ओलं फडकं ठेवायचीस, तोंड पुसायचीस. एकदा तापात मी डोळे उघडले तर तू माझ्या गालावरून बोटं फिरवत होतीस, हळूच, उजव्या गालावरून, जिथे तो पट्टा होता. तुझी बोटं खरखरीत. मी झोपेचं सोंग घेतलं.

आणि चतुर्थीला. आरती झाली होती, तू मोदक वाढत होतीस. वर न बघता विचारलंस, “शालू, तेवा माका खरा सांगलंस काय गो?”

मी म्हणाले, “खराच.”

“बरा,” म्हणालीस, आणि माझ्या पानात आणखी एक मोदक ठेवलास.

मार्गशीर्षात शाळेत तार आली. सकाळी मासळी वाळत घालताना तू खाली बसलीस ती उठलीच नाहीस. मी पोचले तेव्हा तुला खळ्यात ठेवलं होतं. कोणीतरी तुझे हात छातीवर जुळवले होते, आतली बाजू झाकून.

काल दुपारी डॉक्टर दिघे आली. तिला तू गेल्याचं ठाऊक नव्हतं. मालवणच्या एसटी स्टँडवर कळलं म्हणाली. खांद्याला पिशवी, तीत एक जाड पाकीट. आता ती त्या इस्पितळात नाही. तिथून निघताना आपल्या दोघींचे फोटो आणि निगेटिव्ह मागून घेतले होते, ते तुझ्या हातात द्यायला आली होती. ती पायरीवर बसली. खळ्यात आठ-दहा बायका होत्या, पण कोणी तिला पाणी दिलं नाही. दिनू उठून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. “कोणत्या तोंडानं आलात?” असं काहीसं म्हणाला. ती पाकीट मांडीवर धरून बसून राहिली.

मी तिला मागच्या पडवीत नेलं. का कोण जाणे, कदाचित तू नव्हतीस म्हणून, मी म्हणाले, “डॉक्टर, त्या दिवशी मला दुसरं पान कळलं नव्हतं.”

 “पण तुम्ही माझ्या शेजारी बसून बोट फिरवत वाचलंत.”

“बोट फिरवलं. वाचलं नाही.”

तिचा चेहरा उतरला. खाली बघत तिने सांगितलं ते असं. गेल्या वर्षी ती दारात आली तेव्हा तू दार लावलंस, पण तिला बाहेर ठेवून नव्हे. आत घेऊन. ह्याच पडवीत बसवलंस. शहाळं दिलंस. आणि एकच गोष्ट विचारलीस, “माज्या भयणीन दोनय पानां वाचली काय?”

“मी म्हटलं, हो. माझ्यासमोर, ओळ न ओळ,” डॉक्टर म्हणाली. “मला वाटलं, मी पान मागाहून बदललं नाही एवढं तरी त्यांना कळावं. मी खोटं बोलले नाही हो. मला तसंच वाटत होतं.”

“मग? काय म्हणाली ती?”

“माझ्या हातातलं रिकामं शहाळं घेतलं. मग म्हणाल्या, ‘तुमी माका ह्या सांगलात, ता तिका कळूक देव नकात. लाजेन मरात ती.’”

 तुला माझं इंग्रजी कच्चं आहे असं कळलं नव्हतंच, बाय. ते तुझ्या मनातही आलं नव्हतं. तुला वाटलं, मी सगळं वाचलं होतं. वाचून, समजून, तुझा चेहरा कंपनीला देऊन टाकला आणि स्वतः गोरा अर्धा होऊन शेजारी बसले. आणि तोंडावर तुला खोटं सांगितलं.

मी बाहेर खळ्यात गेले.  दिनू, पार्वती, सगळ्या होत्या. मी सांगितलं, पान पहिल्यापासून तेच होतं, डॉक्टरांनी कोणाला फसवलं नाही, मला ते इंग्रजी कळलं नाही आणि मी कळलं म्हणून सही केली. नंतर बहिणीला खोटं सांगितलं, तुम्हालाही.  दिनूने माझ्याकडे असं बघितलं की तो तुझाच मुलगा हे पुन्हा एकदा पटलं. मग तो उठून परसात गेला. पार्वती शेवटी आत जाऊन तांब्या-भांडं घेऊन आली आणि डॉक्टरांपुढे ठेवलं. माझ्याशी ती अजून बोललेली नाही.

आता मी महिने मोजते आहे. डॉक्टर तुझ्याकडे आली ती थंडीत. त्यानंतर आषाढ. त्यानंतर चतुर्थी. म्हणजे माझ्या तापात तू उलट्या छत्रीने भिजत आलीस तेव्हा तुला ‘ठाऊक’ होतं. माझं तोंड ओल्या फडक्याने पुसताना, गालावरून बोट फिरवताना ठाऊक होतं. मोदक वाढताना तू मला सुटायची एक जागा करून दिलीस, मी ती घेतली नाही, तरी आणखी एक मोदक ठेवलास.

मी जे केलं ते लहान आणि लाजिरवाणं होतं. मला येत नव्हतं आणि येत नाही म्हणवेना, एवढंच. हे तू ऐकलं असतंस तर ओरडली असतीस, चार दिवस बोलली नसतीस, आणि मग आयुष्यभर ‘इंग्रजीवाली’ म्हणून चिडवलं असतंस. मी ते होऊ दिलं नाही. त्याऐवजी तू एकटीने, कोणाला न सांगता, मला त्याहून कितीतरी मोठ्या गुन्ह्याची माफी देऊन टाकलीस. तो मी केलाच नव्हता गो बाय.

तुझी,
शालू